ही बाई कोण?

एरवी या सदरासाठी मला दीड पान मिळते. दिवाळी अंकात मात्र संपादक उदार होतात आणि आणखी दोन पाने वाढवून देतात. फराळाच्या ताटात ओळखीच्या घरी चिवडा जरा सढळ हाताने वाढावा, तसे. तेव्हा या खेपेस एक लांबची गोष्ट सांगावी म्हणतो. लांबची म्हणजे पार प्रशांत महासागरातल्या सामोआ बेटांपर्यंत जाणारी. पण तिची सुरुवात झाली ती आमच्या होळीवर, एका केळ्यांच्या टोपलीपाशी.

इथे होळी म्हणजे सण नव्हे. वसई गावातल्या एका वस्तीचे आणि तिथल्या बाजाराचे हे नाव आहे. "मी होळीला राहतो" असे म्हटले की मुंबईचे पाहुणे हटकून विचारतात, "मग दिवाळीला कुठे असता?" हा विनोद मी गेली वीस वर्षे ऐकत आलो आहे आणि दर वेळी हसत आलो आहे. पाहुण्यांचा मान राखावाच लागतो.

तर या बाजारात निर्मळच्या बाजूने एक आजी केळी घेऊन येते. पंचाहत्तरी ओलांडलेली, ख्रिस्ती. अंगावर लाल लुगडे, कानात सोन्याचे जुने दागिने. थंडी संपली की तिच्याजवळ सुकेळीही मिळते. तिच्याकडून केळी घेतल्याशिवाय माझा रविवार सुरू होत नाही. ती मला 'मास्तर' म्हणते. मी प्राध्यापक आहे, मास्तर नव्हे, हे तिला सांगण्याचे धाडस मला अजून झालेले नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजात वसईच्या लोकजीवनावर एक चर्चासत्र झाले. स्मरणिकेचे काम माझ्या गळ्यात पडले. मुखपृष्ठ काय करावे याचा विचार करीत बाजारात शिरलो, तो समोर आजी! मी लगेच कॅमेरा काढला. "आजी, जरा उभ्या राहा. टोपली डोक्यावर घ्या पाहू."

आता खरे सांगायचे, तर आजी टोपली डोक्यावर घेऊन आलीच नव्हती. ती रिक्षाने आली होती. पण मला टोपली डोक्यावर हवी होती. तिने घेतली. मागे एका मोबाइलच्या दुकानाची भडक पाटी येत होती. ती छापखान्यातल्या मुलाने संगणकावर काढून टाकली आणि तिथे किल्ल्याची तटबंदी बसवली. मुखपृष्ठ झकास जमले. खाली मी ओळ घातली: 'पारंपरिक वेशातील वसईची स्त्री'.

स्मरणिका छापून आली तशी एक प्रत घेऊन मोठ्या उत्साहाने बाजारात गेलो. आजीने हात पुसून अंक घेतला. मी ती ओळ तिला वाचून दाखवू लागलो. तिने मला हातानेच थांबवले, कमरेच्या बटव्यातून चष्मा काढला आणि स्वतः वाचले. मग पुन्हा एकदा वाचले.

"मास्तर, फोटो चांगला आलाय. पण ही बाई कोण?"

"अहो आजी, तुम्हीच की!"

"मग तसं लिहायचं होतंस. मला नाव आहे."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. डझन मोजता मोजता ती हे बोलली, आणि वर एक केळे जास्तही घातले. मी "हो हो, पुढच्या वेळी नक्की" असे काहीतरी पुटपुटलो आणि घरी आलो. वाटेत ध्यानात आले, की नाव छापायचे म्हटले असते तरी मला छापता आले नसते. इतकी वर्षे केळी घेत होतो; नाव कधी विचारलेच नव्हते.

ही गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. आपल्या फजितीची गोष्ट माणूस ताबडतोब विसरतो, तसा मीही विसरलो. ती पुन्हा वर आली ती माझ्या मुलीमुळे. ती मुंबईत चित्रकला शिकते. चित्रकलेच्या अभ्यासात हल्ली रंग आणि ब्रश कमी, जुने फोटो आणि कागदपत्रेच जास्त, असे माझे मत आहे. एका संध्याकाळी ती संगणकावर एक छायाचित्र पाहत बसली होती. एक बाई, अंगावर गळ्यापासून पायापर्यंत काळा झगा, आणि आपल्याकडे चक्क पाठ. समोर तिचा देश पसरलेला. ती तो पाहते आहे. आपल्याला तिचा चेहरा काही दिसत नाही.

"हे कसले छायाचित्र? चेहराच नाही," मी म्हणालो.

"बाबा, तोच तर मुद्दा आहे," ती म्हणाली, आणि तिने मला यूकी किहारा या कलावंताची हकिकत सांगितली.

किहारा यांचा जन्म १९७५ सालचा, सामोआतला. आई सामोअन, वडील जपानी. शिक्षण न्यूझीलंडमध्ये झाले, तेही वेशभूषेचे. सामोआच्या समाजात 'फाआफाफिने' नावाचा एक वर्ग आहे: पुरुषदेह घेऊन जन्माला आलेली, पण स्त्रीच्या रीतीने वागणारी माणसे. तिथे ती जुन्या काळापासून घराघरांत आहेत. किहारा त्यांच्यापैकी एक आहेत. सामोआवर १९०० ते १९१४ जर्मनांचे राज्य होते, मग न्यूझीलंडचे आले, आणि १ जानेवारी १९६२ रोजी बेटे स्वतंत्र झाली. या काळातले जुने फोटो धुंडाळणे, त्यांत कोण आहे, ते कोणी काढले, कोणासाठी काढले हे शोधणे आणि मग स्वतःच त्या फोटोत जाऊन उभे राहणे, हे किहारांचे काम.

त्या काळ्या झग्याची कथा अशी. टॉमस अँड्र्यू नावाचा न्यूझीलंडचा एक छायाचित्रकार सामोआत असे. १८८६ च्या त्याच्या एका फोटोत एक तरुण बाई व्हिक्टोरिया राणीच्या काळच्या पद्धतीचा काळा पोशाख घालून उभी आहे. फोटोला नाव काय, तर 'सामोअन मिश्रजातीय'. तिला आईबापांनी ठेवलेले नाव असणारच. ते त्यात नाही. किहारांनी तसाच शोकाचा पोशाख शिवून अंगावर घातला, आणि त्या पोशाखातल्या बाईला एक नाव दिले: सालोमे. ही सालोमे त्या काळ्या झग्यात सामोआचे पारंपरिक नृत्य करते. पडक्या चर्चपाशी, वादळाने मोडलेल्या वस्तीपाशी जाऊन उभी राहते. शोकवेषाला तिच्याकडे कारणेही भरपूर आहेत. १९१८ च्या नोव्हेंबरात न्यूझीलंडहून आलेल्या 'टालून' जहाजाने बेटावर इन्फ्लुएन्झा आणला आणि काही आठवड्यांत पाचांतले एक माणूस गेले. सप्टेंबर २००९ मध्ये त्सुनामी आली, २०१२ च्या अखेरीस चक्रीवादळ आले. सालोमे या सगळ्याकडे पाहत उभी असते, आणि आपल्याकडे पाठ करते. शंभर वर्षे लोक तिला पाहत आले. आता ती काय पाहते ते तुम्ही पाहा, असा त्याचा अर्थ.

त्यांचा आणखी एक प्रयोग ऐकून मी जरा चपापलो. नाव 'संस्कृती विकणे आहे' अशा अर्थाचे, साल २०१२, गाव ऑस्ट्रेलियातले सिडनी. सामोअन नर्तक पारंपरिक वेशात पुतळ्यासारखे निश्चल उभे. समोर भांडे. प्रेक्षकाने त्यात नाणे टाकले की नर्तक नाचू लागे. नाण्याचा वेळ संपला की पुन्हा पुतळा. गंमत वाटावी असा हा खेळ. पण त्याच्यामागे इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी सामोअन माणसांची पथके जर्मनीत नेली जात आणि प्राणिसंग्रहालयांत, जत्रांत तिकीट लावून लोकांना दाखवली जात. माणसे पाहायची, जशी जनावरे पाहतात तशी. किहारांच्या प्रयोगात नाणे टाकणाऱ्याचा हात जरा अडखळतो म्हणतात. अडखळावाच.

२०२२ साली व्हेनिसच्या जगप्रसिद्ध कलाप्रदर्शनात न्यूझीलंडने आपल्या दालनासाठी किहारांना पाठवले. तिथे त्यांनी गोगँ या फ्रेंच चित्रकाराची ताहितीतल्या स्त्रियांची गाजलेली चित्रे फाआफाफिने मंडळींना उभे करून छायाचित्रांत नव्याने मांडली. गोगँच्या काही चित्रांमागे सामोआत काढलेले फोटो होते, असे त्यांचे संशोधन सांगते.

"म्हणजे त्या अँड्र्यूने नाव न विचारता फोटो काढला आणि वर मनाला येईल ते लिहिले. फारच वाईट," मी म्हणालो.

मुलगी हसली. "बाबा, तुमची ती स्मरणिका कुठे आहे?"

घरातल्या माणसांची स्मरणशक्ती ही एक मोठीच आपत्ती असते.

मी बाजू सावरण्याचा प्रयत्न केला. सामोआ कुठे, वसई कुठे. मी काही साहेब नव्हे. त्यावर तिने दुसरे पुस्तक समोर उघडले, आणि ते मुंबईचेच निघाले. विल्यम जॉन्सन नावाचा एक इंग्रज १८४८ पासून मुंबईत सरकारी नोकरीत होता. पुढे त्याने फोटोग्राफीचा नाद धरला. मुंबईत राहणाऱ्या आणि येणाऱ्या निरनिराळ्या 'जातीजमातीं'चे त्याचे दोन खंड १८६३ आणि १८६६ साली निघाले. कच्छ-गुजरातपासून महाराष्ट्रापर्यंतच्या माणसांचे गट त्यांत आहेत. खाली जात लिहिली आहे; माणसाचे नाव नाही. आणि या फोटोंची युक्ती अशी, की माणसे घ्यायची एका जागी आणि मागचे देवालय, रस्ता किंवा घाट आणायचा दुसऱ्याच फोटोतून. दोन्ही जोडून एक चित्र करायचे.

मला आमच्या छापखान्यातला मुलगा आठवला, आणि किल्ल्याची ती तटबंदी. दीडशे वर्षांत यंत्र बदलले होते. अक्कल तीच होती.

पुढे सरकारनेच हे काम हाती घेतले. १८६८ ते १८७५ या काळात 'हिंदुस्थानचे लोक' अशा अर्थाच्या नावाने आठ खंड निघाले, साडेचारशेहून अधिक फोटोंचे. १८५७ चा उठाव होऊन गेला होता. कोण माणूस कसा दिसतो आणि कोणावर किती भरवसा ठेवावा, हे राज्यकर्त्यांना समजून घ्यायचे होते. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात मी एकदा विद्यार्थ्यांना नेले होते. १८७२ साली उघडलेले हे संग्रहालय. १९७५ साली त्याला भाऊ दाजींचे नाव मिळाले. तिथे काचेच्या कपाटांत निरनिराळ्या जातींच्या आणि धंद्यांच्या मातीच्या बाहुल्या आहेत. पगड्या, पागोटी, लुगडी, सगळे हुबेहूब. विद्यार्थी आपापली जात शोधीत हिंडत होते. तेव्हा मला मौज वाटली होती.

म्हणून काय हे खंड जाळून टाकावेत? मुळीच नाही. १८६० च्या सुमारास आपल्याकडे लुगडे कसे नेसत, पागोटे कसे बांधीत, हे मला त्यांतूनच कळते आणि वर्गात मी ते दाखवतोही. किहाराही जुने फोटो फाडीत नाहीत. उलट त्यांच्याच आधाराने उभ्या राहतात. फक्त दाखवताना एवढे विचारायला हवे, की कॅमेऱ्याच्या मागे कोण उभा होता? तो तर कधीच फोटोत येत नाही.

त्या मागे उभ्या असलेल्या माणसाला पुढे आणणारा एक कलावंत आपल्या शेजारी गोव्यात राहतो. निखिल चोप्रा हे त्याचे नाव. जन्म १९७४, कलकत्त्याचा. शिक्षण बडोद्याला आणि मग अमेरिकेत. घराणे मूळचे काश्मीरचे, आणि आजोबा योगराज तिथल्या निसर्गाची चित्रे काढणारे. चोप्रांचा प्रकार आपल्या बहुरूप्याच्या जवळचा आहे. लहानपणी आमच्या दारात बहुरूपी येई: कधी पोलीस होऊन, कधी सरकारी अंमलदार होऊन. तो दरडावी तेव्हा क्षणभर छातीत धस्स होई आणि दुसऱ्याच क्षणी हसू फुटे. त्या एका क्षणात अंमलदाराचा कोट किती आणि माणूस किती, ते उघडे पडे.

चोप्रांनी आधी 'सर राजा' हे सोंग आणले: ब्रिटिश अमदानीतल्या संस्थानिकाचे, फोटोसाठी नटूनथटून निश्चल बसलेले. पुढे आजोबांच्या नावावरून 'योगराज चित्रकार' हे दुसरे पात्र केले. हा चित्रकार जुन्या काळच्या वेशात एखाद्या ठिकाणी जातो, तिथेच राहतो, जेवतो, झोपतो, आणि समोर जे दिसेल ते भल्यामोठ्या पडद्यावर रेखाटीत बसतो. २००७ साली तो श्रीनगरच्या लाल चौकात गेला होता. एरवी साहेबाच्या पदरचा चित्रकार देश पाही, मोजी, कागदावर उतरवी. त्याला स्वतःला कोणी पाहत नसे. इथे चित्र काढणाऱ्याचेच लोक चित्र पाहतात. तो थकतो, दाढी करतो, कपडे बदलतो, हात काळे होतात. पाहणाराच पाहिला जातो.

आपल्या गिरणगावाशी नाते सांगणारा त्यांचा एक प्रयोग आहे. जुलै २०१३ मध्ये इंग्लंडातल्या मँचेस्टर शहरी, व्हिटवर्थ कलादालनात ते ६५ तास राहिले आणि कापसाच्या कापडावर कोळशाने चित्र काढीत गेले. प्रयोगाचे नावच 'कापसावर कोळसा'. मँचेस्टरचा कोळसा आणि आपला कापूस यांचा संबंध मुंबईकराला समजावून सांगायला नको. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालली, तिकडचा कापूस थांबला, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपले आणि १८६५ साली पेढ्या धडाधड कोसळल्या. पुढे मुंबईत गिरण्या वाढल्या, १९८२ चा संप झाला, गिरण्या बंद पडत गेल्या. आमच्या नालासोपारा-विरारकडे कितीतरी बिऱ्हाडे त्या गिरणगावातून आलेली आहेत. त्या घरांतल्या एखाद्या आजोबांना मँचेस्टरची ही हकिकत सांगावी, असे मला फार वाटते. पासष्ट तास उभे राहून काम केल्याचे त्यांना नवल वाटणार नाही. "तीन पाळ्या चालायच्या आमच्या," एवढेच म्हणतील.

२०१४ पासून चोप्रा आणि त्यांचे सोबती गोव्यात कलावंतांसाठी एक जागा चालवीत आले आहेत. २०१९ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात ते सलग नऊ दिवस राहिले आणि चित्र काढत होते. त्याच संग्रहालयाने २००८ साली किहारांचे प्रदर्शन भरवले होते. जगभरच्या वस्तू गोळा करून ठेवलेल्या त्या वास्तूत ही दोन माणसे आपण होऊन गेली. काचेच्या कपाटात मात्र बसली नाहीत.

हे सारे ऐकून झाल्यावर एका सकाळी मी वसईच्या किल्ल्यात गेलो. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी ती जिंकली. मधली दोनशे पाच वर्षे इथे पोर्तुगिजांचे राज्य होते. सकाळी किल्ल्यात लग्नाआधीचे फोटो काढणाऱ्या जोडप्यांची गर्दी असते. त्यांच्यातून वाट काढीत फ्रान्सिस्कन मठाच्या पडक्या चर्चमध्ये पोचलो. तिथे जमिनीत थडग्यांच्या शिळा आहेत. त्यांवर पोर्तुगीज सरदारांची आणि त्यांच्या घरच्यांची नावे कोरलेली आहेत. कोण होता, कोणाची बायको, सगळे दगडात. इथून मराठ्यांनी नेलेल्या घंटांचीसुद्धा ओळख शिल्लक आहे: नाशिकच्या नारोशंकराच्या घंटेवर १७२१ साल आहे, वाईजवळच्या मेणवलीच्या घंटेवर १७०७. सरदाराला नाव आहे, घंटेला साल आहे. हा दगड ज्यांनी खाणीतून काढला आणि डोक्यावरून वाहिला त्यांना मात्र काही नाही. त्यांच्यातल्याच कोणाची तरी नात-पणती होळीवर केळी घेऊन बसत असेल. आणि तिला चारशे वर्षांनी छापील अक्षरांत आणण्याची संधी आली तेव्हा मराठीच्या प्राध्यापकाने लिहिले, 'वसईची स्त्री'.

पुढच्या रविवारी बाजारात गेलो. केळी घेण्याआधी म्हणालो, "आजी, एक विचारायचं होतं. तुमचं नाव काय?"

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिले. "आता कशाला? पुस्तक छापून झालं ना तुझं?"

"पुन्हा एक फोटो काढायचाय. नीट."

"मग घरी ये. आणि टोपली नाही घेणार मी."

मी आणि मुलगी तिच्या घरी गेलो. आजी खुर्चीत बसली होती. अंगावर लुगडे नव्हते. घरी ती फुलाफुलांचा गाऊन घालते. मागच्या भिंतीवर तिच्या नवऱ्याचा फोटो, शेजारी आखातात नोकरी करणाऱ्या मुलाचा. "असाच काढ. ते दोघंपण यायला पाहिजेत," ती म्हणाली. कॅमेरा मी मुलीच्या हाती दिला होता. ती फोटो घेणार, इतक्यात आजी म्हणाली, "मास्तर, तू तिकडे काय करतोस? इकडे ये, उभा राहा. नाहीतर मुलाला काय सांगू, कोण आलं होतं म्हणून?"

मी निमूटपणे जाऊन खुर्चीशेजारी उभा राहिलो. हात कुठे ठेवावेत हे काही केल्या कळेना. समोरच्या काचेच्या डोळ्याकडे पाहताना मला पहिल्यांदाच ध्यानात आले, की बाजारात टोपली डोक्यावर घेऊन उभ्या असलेल्या बाईला काय वाटले असेल.

तो फोटो या लेखासोबत छापलेला नाही. नावही मी देत नाही. "तुझ्या मासिकात नको. माझ्या घरात लाव," असे तिने बजावले आहे. मासिक नव्हे, साप्ताहिक, ही दुरुस्तीही मी केली नाही. फोटोची एक प्रत तिच्या भिंतीवर आहे. तिच्यामागे मी तिचे पूर्ण नाव, गाव आणि तारीख लिहून दिली. ऱ्हस्व-दीर्घ तिने तपासले. शेवटी माझेही नाव लिहायला लावले.

केळ्यांचा भाव मात्र पुढल्या रविवारी तिने डझनामागे पाच रुपयांनी वाढवला. मी काही बोललो नाही.